माथेरानच्या लाल मातीपासून कोल्हापूरच्या बॉक्साइटपर्यंत : सह्याद्रीच्या डोक्यावरची ही टोपी आली कुठून?

कल्याणहून कर्जत लोकल पकडायची, नेरळला उतरायचं आणि माथेरान चढायचं. कल्याण-डोंबिवलीतल्या जवळपास प्रत्येकानं ही ट्रिप एकदा तरी केलेली असते. खाली नेरळपासून चढताना सगळीकडे काळा कातळ दिसतो. वर पोहोचलं की पायाखाली एकदम लालभडक माती येते. बूट लाल, पँट लाल, परत आल्यावर धुण्याचं पाणीही लाल.

ही लाल टोपी एकट्या माथेरानला नाही. पाचगणीचं टेबल लँड, साताऱ्याचं कास पठार, कोल्हापूरच्या शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड भागातले सडे, खाली रत्नागिरीची पठारं, सगळीकडे काळ्या खडकावर लाल थर बसलेला आहे. आपण त्याला जांभा म्हणतो. याच थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमचं प्रमाण इतकं वाढतं की तो खणून कारखान्यात नेणं परवडतं. अशा थराला बॉक्साइट म्हणतात.

आता प्रश्न असा, की हा थर आला कुठून? खालचाच काळा दगड कुजून तो तयार झाला, की नदीनं, वाऱ्यानं किंवा ज्वालामुखीच्या राखेनं दुसरीकडून माल आणून टाकला?

ऐकायला प्रश्न साधा आहे, पण भूशास्त्रज्ञ त्यावर आजही वाद घालतात. कारण उत्तर बदललं की सह्याद्रीचा सगळा इतिहासच बदलतो. हे उत्तर शोधायला ते जी घड्याळं वापरतात, त्यातली काही मिठाच्या कणाहूनही लहान आहेत.

चला, एकेक गोष्ट समजून घेऊ.

आधी बेसिक : बॉक्साइट म्हणजे नेमकं काय?

फ्रान्सच्या दक्षिणेला ले बो नावाचं गाव आहे. १८२१ मध्ये पियेर बेर्तिए या भूशास्त्रज्ञाला तिथल्या लालसर दगडात भरपूर ॲल्युमिनियम सापडलं. गावाच्या नावावरून पुढे दगडाला बॉक्साइट हे नाव पडलं.

जांभ्याच्या इंग्रजी नावाचा जन्म मात्र भारतातला आहे. फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी केरळच्या अंगाडीपुरम भागातून जात होता. तिथले लोक जमिनीतून मऊ लाल दगड विटांसारखे कापून काढत होते. कापलेला दगड हवेत राहिला की कडक व्हायचा. बुकाननने १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटराइट म्हटलं. लॅटिन भाषेत 'लेटर' म्हणजे वीट. आपल्या कोकणात हेच काम चिरेखाणीत चालतं आणि त्या विटेला आपण चिरा म्हणतो.

जांभा आणि बॉक्साइट ही एकाच प्रक्रियेतून निघालेली भावंडं आहेत. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि पाण्याचा निचरा होईल अशी जमीन, या तीन गोष्टी लाखो वर्षं जुळून आल्या की दगड हळूहळू कुजतो. पाणी त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी धुऊन नेतं. मग सिलिकाही निघून जाते. मागे उरतं ते सहजासहजी न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह जास्त उरलं तर जांभा, ॲल्युमिनियम जास्त उरलं तर बॉक्साइट.

हिशोब बघा. सह्याद्रीच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ॲल्युमिनियम ऑक्साइड साधारण १३ ते १४ टक्के असतं. कारखान्याला उपयोगी पडणाऱ्या चांगल्या बॉक्साइटमध्ये ते ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणजे ॲल्युमिनियमचा एक कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी १ किलो बॉक्साइटसाठी सव्वातीन किलोहून जास्त बेसॉल्ट कुजावा लागतो. पुढे कारखान्यात साधारण ४ टन बॉक्साइटमधून २ टन ॲल्युमिना आणि त्यातून १ टन ॲल्युमिनियम निघतं.

कल्याणच्या पायाखाली काय आहे?

आई-बाप शोधायचे तर आधी घर बघायला हवं. कल्याण, ठाणे, मुंबई आणि बहुतेक महाराष्ट्र एकाच खडकावर उभा आहे. त्याला म्हणतात डेक्कन ट्रॅप. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला. तो एकावर एक थर रचत गेला. आज शिल्लक असलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. पश्चिम घाटात वेगवेगळ्या ठिकाणी दिसणारे थर मनातल्या मनात एकावर एक रचले, तर त्यांची जाडी ३ किलोमीटरच्या आसपास जाते.

रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी एक मजेशीर गोष्ट. १९८० च्या दशकात आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेचे पीटर हूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांच्या रासायनिक चाचण्या करून त्यांना नावं दिली. खालून वर जाताना ती यादी अशी लागते : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. कल्याणला रेल्वेला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. दोन्ही मार्गांवरची नावं जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत खडकांची नावं म्हणून छापली जातात.

ही यादी आपल्या प्रश्नासाठीही महत्त्वाची आहे. दिसायला सगळे थर काळेच, पण प्रत्येकाची रासायनिक चव वेगळी आहे. बुशेच्या लाव्हामध्ये वर येताना जुन्या भूकवचाचा माल मिसळला, त्यामुळे त्यात टायटॅनियम कमी आहे. आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने शुद्ध आणि टायटॅनियम जास्त असलेला. म्हणजे वरच्या लाल थरात ही चव टिकली असेल, तर त्याचे आई-बाप ओळखता येतात.

पहिला पुरावा : खव्याचं गणित

दूध आटवून खवा केला की पाणी उडून जातं. पण दुधात फॅट आणि प्रोटीन यांचं एकमेकांशी जे प्रमाण होतं, ते खव्यातही बऱ्यापैकी तेच राहतं. म्हणून खवा तपासून मूळ दूध म्हशीचं होतं की गाईचं, याचा अंदाज बांधता येतो.

बॉक्साइटचंही तसंच आहे. दगड कुजताना बहुतेक मूलद्रव्यं वाहून जातात, पण टायटॅनियम आणि झिर्कोनियमसारखी हट्टी मूलद्रव्यं फारशी हलत नाहीत. ती ॲल्युमिनियमबरोबर मागे राहतात. म्हणून बॉक्साइटमध्ये या हट्टी मंडळींचं एकमेकांशी काय प्रमाण आहे ते मोजायचं आणि खालच्या दगडाशी जुळवायचं.

याचं ठळक उदाहरण भारतातच आहे. ओडिशात कोरापुट जिल्ह्यातल्या पंचपटमाळी डोंगरावर नाल्को या सरकारी कंपनीची मोठी बॉक्साइट खाण आहे. तिथला मूळ दगड खोंडालाइट, म्हणजे डेक्कन ट्रॅपपेक्षा कितीतरी जुना, वेगळ्याच जातीचा खडक. त्यात टायटॅनियम कमी, म्हणून वरच्या बॉक्साइटमध्येही कमी. आपला बेसॉल्ट टायटॅनियमने श्रीमंत, म्हणून सह्याद्रीतल्या बॉक्साइटमध्ये ते जास्त सापडतं. दोन्ही राज्यांतलं बॉक्साइट लालच दिसतं, पण लॅबमध्ये गेल्यावर दोघांची आडनावं वेगळी निघतात.

इथपर्यंत उत्तर सोपं वाटतं. सह्याद्रीतल्या बॉक्साइटचं कुळ बेसॉल्टचं. पण बेसॉल्ट नेमका कुठला? बरोबर खालचा, की डोंगरापलीकडून वाहून आलेला? गाडं अडतं ते इथे.

वाद काय आहे?

बरीच वर्षं मान्य असलेली कथा अशी होती. ज्वालामुखी थांबला तेव्हा डेक्कनचा वरचा पृष्ठभाग मोठं सपाट मैदान होता. त्यावर पाऊस पडला, वरचा लाव्हा जागच्या जागी कुजला आणि मैदानावर जांभ्याची एक सलग चादर तयार झाली. नंतर नद्यांनी ती फाडली. कास, पाचगणी, महाबळेश्वर इथल्या टोप्या म्हणजे त्या फाटलेल्या चादरीचे उरलेले तुकडे. माइक विडोसन आणि कीथ कॉक्स या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये याच टोप्यांच्या उंचीवरून सह्याद्री किती उचलला गेला आणि किती झिजला, याचा अभ्यास मांडला होता.

२००८ मध्ये क्लिफ ऑलिअर आणि आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी वेगळीच बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं : या टोप्या नकाशावर मांडल्या तर चादरीचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले दिसायला हवेत. पण त्या लांबट, फांद्या फुटलेल्या पट्ट्यांमध्ये दिसतात. नदी आणि तिच्या उपनद्या नकाशावर दिसतात तशा. म्हणजे हे कडक थर प्राचीन नद्यांच्या खोऱ्यांमध्ये तयार झाले असावेत. आजूबाजूच्या उतारांवरून लोह घेऊन पाणी खोऱ्यात झिरपलं आणि तिथला कुजलेला दगड लोहानं सिमेंटसारखा घट्ट झाला.

मग खोऱ्यातला दगड डोंगराच्या माथ्यावर कसा पोहोचला?

आपल्या शहरातल्या एखाद्या गल्लीचा विचार करा. मधला रस्ता काँक्रीटचा आणि दोन्ही बाजूंना उघडी माती. दरवर्षी पावसात माती वाहून जाते, काँक्रीट मात्र तसंच राहतं. काही वर्षांनी रस्ता उंच आणि बाजूची जमीन खाली गेलेली दिसते. रस्ता कुणी उचललेला नसतो, आजूबाजूचं सगळं खाली गेलेलं असतं. नदीच्या खोऱ्याचं असंच झालं. तळ कडक झाला, बाजूचे मऊ डोंगर झिजून गेले आणि काही कोटी वर्षांनी जुनं खोरं आजच्या डोंगराचा माथा झालं. भूशास्त्रात याला उलटं भूरूप म्हणतात.

दोन्ही कथांमधला फरक मोठा आहे. पहिली कथा खरी असेल, तर कासची टोपी म्हणजे लाव्हाच्या ढिगाचा मूळ माथा, त्यावर फारसं काही नव्हतंच. दुसरी खरी असेल, तर कास एकेकाळी दरीत होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी उंच डोंगर होते, जे आज पूर्णपणे नाहीसे झाले आहेत. म्हणजे सह्याद्रीचा आपण पाहिलेलाच नाही असा एक मजला वर होता.

आणि बॉक्साइटच्या बापाचा प्रश्नही तिथेच सुटतो. पहिल्या कथेत बाप बरोबर खाली उभा आहे. दुसऱ्या कथेत निदान काही माल तरी बाजूच्या, आता उरलेल्याच नसलेल्या डोंगरांमधून आलेला आहे.

आता घड्याळ : झिरकॉन

जगभरातल्या बॉक्साइटचे आई-बाप शोधताना शास्त्रज्ञांचा आवडता साक्षीदार म्हणजे झिरकॉन. हे एक खनिज आहे. त्याचे कण बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे असतात. पण हे कण जबरदस्त टिकाऊ. दगड कुजतो, नदी वाहून नेते, वारा उडवतो, तरी झिरकॉन शाबूत राहतो. ज्या प्रक्रियेत बेसॉल्टचं बॉक्साइट होतं, त्यातूनही तो वाचतो.

झिरकॉन तयार होताना त्याच्या आत थोडं युरेनियम शिरतं. शिशाला मात्र तो जवळजवळ प्रवेशच देत नाही. नंतर युरेनियमचं अतिशय संथ आणि ठरलेल्या वेगानं शिसं होत जातं. युरेनियम २३८ या प्रकाराचा निम्मा साठा संपायला तब्बल ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे कणात आज जे शिसं सापडतं, ते आतच तयार झालेलं असतं. शिसं आणि युरेनियम यांचं प्रमाण मोजलं की कणाचं वय कळतं. हा झाला झिरकॉनचा जन्मदाखला.

समजा, बॉक्साइटच्या एका नमुन्यातून शंभर झिरकॉन काढले. सगळ्यांचं वय खालच्या दगडाइतकंच निघालं, तर घरचा माल. पण त्यात १०० कोटी, २०० कोटी वर्षांचे कण निघाले, तर पाहुणे आलेत हे पक्कं. मग त्या वयाचा खडक आसपास कुठे आहे ते शोधायचं आणि माग काढत जायचं.

ऑस्ट्रेलियात असाच एक धक्का बसला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅराडेल इथलं बॉक्साइट खालच्याच दगडातून तयार झालं, असं मानलं जायचं. १९८८ मध्ये जॉर्ज ब्रिमहॉल आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं, की त्यातला काही माल वाऱ्यानं आणलेल्या धुळीचा आहे. त्यांच्या तपासात झिरकॉनचे कण महत्त्वाचे साक्षीदार होते.

सह्याद्रीत झिरकॉन सापडतो का?

इथे गंमत आहे. बेसॉल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतोच. सिलिका भरपूर असलेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकात तो सहज होतो, बेसॉल्ट त्याला मानवत नाही. त्यामुळे डेक्कन ट्रॅपचं अचूक वय काढणं बराच काळ डोकेदुखी होती.

उपाय सापडला तो लाल थरांमध्येच. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटात गेलात, तर रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांकडे नीट बघा. काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाच्या पट्ट्या दिसतात. दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग उघडा राहिला, कुजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हानं ती झाकून टाकली. भूशास्त्रज्ञ या थराला रेड बोल म्हणतात. माथ्यावरच्या जांभ्याचे हे धाकटे, अर्धवट राहिलेले भाऊ समजा.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोएन आणि त्यांच्या टीमनं अशा थरांमधून झिरकॉन शोधले. हे कण खालच्या बेसॉल्टचे नव्हते. दुसऱ्या, सिलिका जास्त असलेल्या उद्रेकांची राख उडत येऊन या मातीवर पडली होती आणि तिच्यासोबत झिरकॉन आले होते. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, डेक्कनचा मुख्य उद्रेक डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. २०१९ मध्ये याच टीमचा आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या टीमचा असे दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. लाव्हा कधी किती पडला यावर दोघांचं एकमत नाही, पण मुख्य खेळ १० लाख वर्षांच्या आसपास आटोपला यावर आहे.

आपल्या प्रश्नासाठी यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, सह्याद्रीतल्या लाल मातीत बाहेरून माल पडतो, ही नुसती शंका नाही, त्याचे कण हातात आहेत. दोन, मूळ दगडाचं वय आता इतकं नेमकं माहीत आहे, की पाहुणा ओळखणं सोपं आहे. ६ कोटी ६० लाखांच्या आसपासचा कण डेक्कनच्या काळातला. दक्षिणेला कर्नाटकातल्या धारवाडच्या खडकांचं वय २५० कोटी वर्षांहूनही जास्त आहे. त्या वयाचा कण निघाला, तर तो बाहेरचा. फक्त एक पळवाट तपासावी लागते : लाव्हा वर येतानाच जुन्या भूकवचातला एखादा कण बरोबर घेऊन आला नाही ना?

पण झिरकॉनला सगळं विचारून चालत नाही. खोऱ्याची कथा घ्या. नदीनं आणलेला मालही शेजारच्या बेसॉल्टचाच, म्हणजे वय तेच. जन्मदाखल्यावर साल लिहिलेलं आहे, गल्ली लिहिलेली नाही. तिथे मग थरांची रासायनिक चव आणि नकाशावरचा आकार हेच पुरावे कामाला येतात.

वीट कधी भाजली आणि घर कधी बांधलं?

आणखी एक गोंधळ टाळायला हवा. झिरकॉनचं वय म्हणजे बॉक्साइटचं वय नव्हे. घराच्या विटा १९५० साली भाजलेल्या असतील आणि घर १९९० साली बांधलेलं असेल. झिरकॉन विटेचं साल सांगतो. घराचं साल कोण सांगणार?

त्यासाठी दगड कुजत असतानाच तयार होणारं खनिज लागतं. असं एक खनिज आहे क्रिप्टोमेलेन, पोटॅशियम असलेलं मँगनीजचं काळं खनिज. जांभ्याच्या थरांमध्ये आणि मँगनीजच्या खाणींमध्ये ते सापडतं. पोटॅशियमच्या एका प्रकाराचा अतिशय संथ गतीनं आर्गॉन वायू होतो. त्याचा निम्मा साठा संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. हा वायू खनिजात अडकून राहतो. तो मोजला की दगड कधी कुजत होता, ते कळतं.

आनिसे बोव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या टीमनं भारतीय सहकाऱ्यांसोबत गोव्याच्या किनारी सपाटीवर आणि घाटावर कर्नाटकातल्या संडूर इथे असे नमुने तपासले. २०१६ मध्ये 'जिऑलॉजी' या नियतकालिकात त्यांनी मांडलेला निष्कर्ष मोठा होता. घाटाखालच्या सपाटीवर सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच जांभा तयार होत होता. जांभा तयार व्हायला जमीन उघडी हवी. म्हणजे घाटाखालची सपाटी तेव्हाच अस्तित्वात होती आणि घाटाची भिंत जवळपास आजच्या जागी उभी होती. आपण सह्याद्रीचा कडा म्हणतो तो इतका जुना आणि इतका स्थिर आहे.

दुसरं घड्याळ चुंबकाचं. जांभ्यातलं लोह तयार होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद ठेवतं. डेक्कनच्या उद्रेकावेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वेगानं उत्तरेकडे सरकत होता. त्यामुळे ही दिशा पाहून, भारत प्रवासात कुठे असताना हा थर तयार झाला, याचा अंदाज येतो. १९८३ मध्ये श्मिट, प्रसाद आणि रामम यांनी या पद्धतीनं दाखवलं, की घाटमाथ्यावरचा जांभा जुना आहे, लाव्हा थांबल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळातला, आणि कोकणातला त्यापेक्षा बराच तरुण. आर्गॉनच्या घड्याळानं नंतर किनाऱ्यावरच्या जांभ्याची सुरुवात आणखी मागे ढकलली.

थोडक्यात कोणतं घड्याळ काय सांगतं?

- झिरकॉन : माल मूळ कोणत्या वयाच्या खडकाचा आहे.
- टायटॅनियम आणि इतर हट्टी मूलद्रव्यं : माल कोणत्या जातीच्या खडकाचा आहे.
- क्रिप्टोमेलेन : खडक कधी कुजत होता.
- लोहातलं चुंबकत्व : तेव्हा भारत पृथ्वीवर कुठे होता.
- नकाशावरचा आकार : थर सपाटीवर झाला की नदीच्या खोऱ्यात.

एकाही घड्याळाचं उत्तर एकट्यानं पुरत नाही. पाचही समोर ठेवली, तरच कथा उभी राहते.

याचा आपल्याशी संबंध काय?

पहिला संबंध थेट ॲल्युमिनियमशी. खिडकीची चौकट, कुकर, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवरचं बॉक्साइट वर्षानुवर्षं बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जात आलं आहे. बॉक्साइट नदीच्या खोऱ्यात तयार झालं की सपाट मैदानावर, यावरून पुढचा साठा कुठे आणि किती जाड मिळेल, याचा अंदाजही बदलतो. त्यामुळे हा वाद फक्त प्राध्यापकांपुरता उरत नाही.

दुसरा संबंध जास्त महत्त्वाचा. हा थर पठाराचं छप्पर आहे. पावसाळ्यात सड्यावर पाणी साचतं, जांभ्याच्या भोकांमधून खाली मुरतं आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडून डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. पायथ्याच्या अनेक वाड्यांचं पाणी या झऱ्यांवर चालतं. वरच्या अंगाला, माती जेमतेम बोटभर असलेल्या कातळावर सीतेची आसवं, गेंद यांसारखी फुलं येतात, ज्यांना एरवीच्या सुपीक जमिनीत जागा मिळत नाही. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे. कोकणातल्या सड्यांवर माणसानं हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत, तीही याच जांभ्यावर.

आणि बॉक्साइटची खाण नेमका हाच थर काढून नेते, कारण बॉक्साइट हा थरच आहे. कोळशासारखं खोल बोगदा खणून, वरची जमीन तशीच ठेवून ते काढता येत नाही.

खाण संपल्यावर खड्डा भरून, माती टाकून झाडं लावता येतात. अनेक ठिकाणी ते केलंही जातं. पण झाडं लावल्यानं जांभा परत येत नाही. वरच्या घड्याळांचा अर्थ इथे लागतो. हा थर घडला तेव्हा भारत वेगळ्या अक्षांशावर होता, हवामान वेगळं होतं आणि हाताशी लाखो वर्षांचा वेळ होता. ऑलिअर आणि शेठ यांचं म्हणणं बरोबर असेल, तर ज्या डोंगरांनी त्याला लोह पुरवलं, ते डोंगरही आता उरलेले नाहीत. म्हणजे कच्चा मालही संपला, कारखानाही बंद आणि वेळही गेली.

पश्चिम घाटात कुठे खाण असावी आणि कुठे नसावी, हा वाद २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालापासून चालू आहे. मग २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. त्यानंतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. जुलै २०२४ मध्ये निघालेला मसुदा सहावा होता. या चर्चेत रोजगार, महसूल, पाणी, जंगल असे मुद्दे येतात आणि ते यायलाच हवेत. त्यात वेळेचाही एक रकाना हवा. एखाद्या खाणीचं आयुष्य काही दशकांचं असतं. तिथला थर मात्र डायनोसॉर गेल्यानंतर कधीतरी घडायला लागला आणि हिमालय उभा राहत असतानाही सह्याद्रीच्या डोक्यावर तसाच बसून होता.